भुईकाट्याचा संगणक आणि सिरियल पोर्ट : बायोसमधील मांडणी टप्प्याटप्प्याने

दिवाळीच्या सुमारास मानवत, सेलू, परभणी, जालना या पट्ट्यात कापसाची आवक वाढते आणि जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. गाडी भुईकाट्यावर चढते, केबिनमधल्या इंडिकेटरवर आकडे स्थिरावतात आणि तेच वजन संगणकावरील पावतीत आपोआप उमटावे, अशी शेतकऱ्याची आणि व्यापाऱ्याची दोघांचीही अपेक्षा असते. इंडिकेटरपासून संगणकापर्यंतचा हा प्रवास अनेक ठिकाणी आजही नऊ पिनांच्या सिरियल पोर्टमधून होतो. साखर कारखान्यांचे ऊसकाटे, दूध संकलन केंद्रांवरील वजनयंत्रे, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील जुनी सीएनसी यंत्रे, अशा ठिकाणीही हाच पोर्ट भेटतो. तो बंद पडला की काट्यावरचा माणूस इंडिकेटरकडे पाहून वजन हाताने टाइप करू लागतो. इंडिकेटरवर ४,३६० किलो दिसत असताना घाईत ४,३०६ टाइप झाले, तर शेतकऱ्याचा ५४ किलो कापूस कागदावरून नाहीसा होतो. म्हणून हंगामात माझ्याकडे येणाऱ्या कामांपैकी या पोर्टच्या कामाला मी सर्वांत आधी हात घालतो.

पोर्ट बंद पडण्याची कारणे अनेक असतात, पण नवा संगणक बसवल्यावर किंवा मदरबोर्डवरील बॅटरी संपल्यावर येणारी अडचण बहुधा बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरील मूळ प्रोग्राममध्येच असते. ती कशी शोधावी, कशी दुरुस्त करावी आणि दुरुस्ती खरोखर झाली आहे हे कसे पडताळावे, ते येथे क्रमाने सांगितले आहे.

बायोस काय ठरवते आणि काय ठरवत नाही

या कामात सर्वाधिक वेळ एका गैरसमजुतीपायी वाया जातो. इंडिकेटरच्या पुस्तिकेत ‘९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट’ असे लिहिलेले असते (बॉड म्हणजे वेग, पॅरिटी म्हणजे चूक ओळखण्यासाठीचा जादा बिट, स्टॉप बिट म्हणजे अक्षर संपल्याची खूण) आणि तंत्रज्ञ हे आकडे बायोसमध्ये शोधत बसतो. साध्या सिरियल पोर्टच्या बाबतीत ते तेथे नसतातच. बायोस फक्त तीन गोष्टी ठरवते : पोर्ट चालू आहे की बंद, त्याचा पत्ता कोणता आणि त्याची आयआरक्यू क्रमांकाची ओळ कोणती. वेग, पॅरिटी, स्टॉप बिट या बाबी विंडोज आणि प्रामुख्याने पावती छापणारे सॉफ्टवेअर ठरवते.

पत्ता आणि आयआरक्यू यांचा अर्थ मोंढ्याच्या उदाहरणाने लवकर कळतो. पत्ता म्हणजे आडत्याच्या गाळ्याचा क्रमांक. माल कोठे उतरवायचा आणि कोठून उचलायचा, हे त्यावरून कळते. आयआरक्यू म्हणजे माल आल्याबरोबर मुनिमाला दिली जाणारी हाक. गाळा बरोबर असूनही हाक भलत्याच माणसाला गेली, तर माल दारात पडून राहतो. दोन गाळ्यांना एकच क्रमांक दिला, तर गोंधळाला पारावार उरत नाही. संगणकात नेमके हेच घडते.

१९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेले प्रघात आजही पाळले जातात. कॉम १ चा पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू ४, कॉम २ चा पत्ता २एफ८ आणि आयआरक्यू ३, कॉम ३ चा पत्ता ३ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ४, तर कॉम ४ चा पत्ता २ई८ आणि पुन्हा आयआरक्यू ३. हे सर्व पत्ते सोळाच्या आधारावरील अंकपद्धतीत आहेत, म्हणून त्यांत अक्षरे येतात. प्रत्येक पोर्ट आपल्या पत्त्यापासून सलग आठ जागा व्यापतो. म्हणजे कॉम १ ची हद्द ३एफ८ पासून ३एफएफपर्यंत असते. या चार जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात, कारण पुढच्या प्रत्येक टप्प्यावर त्या लागतात.

पोर्ट चार असले तरी आयआरक्यू दोनच आहेत, ही बाब विशेष लक्षात ठेवावी. जुन्या पद्धतीच्या रचनेत एकच आयआरक्यू दोन पोर्टांना एकाच वेळी नीट वापरता येत नाही. त्यामुळे कॉम १ वर इंडिकेटर आणि कॉम ३ वर बाहेरचा मोठा आकडेफलक जोडला, तर दोन्ही वेगवेगळे चालवून पाहताना ठीक वाटतात आणि एकत्र सुरू केले की एक अडखळतो. दोन उपकरणे लावायची असतील, तर कॉम १ आणि कॉम २ हीच जोडी निवडावी.

बायोस उघडण्यापूर्वी

प्रथम संगणकाच्या मागील बाजूस पोर्ट खरोखर आहे का, ते पाहावे. सिरियल पोर्टमध्ये बाहेर आलेल्या नऊ पिना दोन ओळींत असतात, वर पाच आणि खाली चार. तेवढ्याच आकाराचा, बहुधा निळा, पण पंधरा भोकांचा जो पोर्ट असतो तो मॉनिटरचा. त्याच्याशी गल्लत करू नये.

अलीकडच्या अनेक मदरबोर्डांवर पोर्टची सोय असते, पण ती मागे बाहेर काढलेली नसते. अशा वेळी कॅबिनेट उघडून बोर्डवर ‘कॉम’, ‘कॉम १’ किंवा ‘जेकॉम १’ असे छापलेला पिनांचा लहान गट शोधावा. त्यात दहा जागा आणि नऊ पिना असतात. दहावी जागा केबल उलटी बसू नये म्हणून मोकळी ठेवलेली असते. त्यावर पट्टीसह मिळणारी केबल बसवली की मागे नऊ पिनांचा पोर्ट तयार होतो. ही केबल बाजारात दोन प्रकारच्या जोडणीत मिळते आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. एका प्रकारात पिना ओळीने क्रमाने जोडलेल्या असतात, तर दुसऱ्यात एकाआड एक. चुकीची केबल लावली, तर बायोसमध्ये आणि विंडोजमध्ये सर्व काही बरोबर दिसते, मात्र एक अक्षरही येत नाही. मदरबोर्डच्या पुस्तिकेतील आकृती समोर ठेवून मल्टिमीटरने पिना तपासल्याशिवाय जुनी पडलेली केबल लावू नये.

संगणकाला यूएसबी ते सिरियल असा परिवर्तक लावलेला असेल, तर त्याचा बायोसमधील सिरियल पोर्टच्या मांडणीशी काहीही संबंध नसतो. तो विंडोजच्या ड्रायव्हरवर चालतो आणि त्याची दुरुस्तीही तेथेच होते.

मदरबोर्डवरील नाण्याच्या आकाराची सीआर२०३२ बॅटरी याच वेळी पाहून घ्यावी. बंद असताना हिच्या आधारे संगणकाचे घड्याळ चालू राहते आणि अनेक बोर्डांवर बायोसमधील निवडीही हिच्याच भरवशावर टिकतात. नवी बॅटरी तीन व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवते, मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली आकडा दिसला, तर मी ती बदलूनच पुढे जातो. काट्याच्या केबिनचे पत्रे एप्रिल-मेमध्ये तापतात, संगणक महिनोन्महिने बंद पडून राहतो आणि हंगामाच्या पहिल्याच दिवशी तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसते. तारीख मागे गेलेली दिसली, की पोर्टची मांडणीही मूळपदावर गेली असेल असे धरून चालावे.

यानंतर संगणक आणि इंडिकेटर दोन्हींचा वीजपुरवठा बंद करून त्यांच्यामधील केबल काढून ठेवावी. चालू स्थितीत ही केबल ओढणे किंवा खुपसणे टाळावे. काटा आणि संगणक वेगवेगळ्या जोडणीवर असतील आणि त्यांच्या अर्थिंगमध्ये फरक असेल, तर त्या क्षणी पोर्टची चिप जळू शकते.

बायोसमध्ये प्रवेश

संगणक सुरू केल्याबरोबर योग्य कळ थांबून थांबून दाबत राहावी. असेंबल केलेल्या बहुतेक संगणकांत ती डिलीट असते, डेल आणि एसरच्या बऱ्याच संगणकांत एफ२, एचपीमध्ये एफ१० आणि लेनोवोच्या अनेक डेस्कटॉपमध्ये एफ१. पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या ओळीतही कळीचे नाव असते.

विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय असल्यामुळे नेहमीचे ‘शट डाउन’ पूर्ण बंद होणे नसते आणि कळ दाबायला वेळही मिळत नाही. तेव्हा शिफ्ट कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे, निळ्या पडद्यावर ‘ट्रबलशूट’, नंतर ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि शेवटी ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ या मार्गाने आत जावे. नव्या संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय असते, पण बोलताना आपण सगळेच त्याला बायोस म्हणतो आणि सिरियल पोर्टपुरता दोहोंत व्यावहारिक फरक नाही. असूस आणि एमएसआयच्या बोर्डांवर आधी चित्रमय सोपा पडदा उघडतो; तेथे एफ७ दाबल्यावर सविस्तर पडदा मिळतो.

आत गेल्यावर काहीही बदलण्याआधी सिरियल पोर्टशी संबंधित प्रत्येक पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. हा टप्पा मी कधीही वगळत नाही. एकदा बीडकडच्या एका काट्यावर माझ्याआधी आलेल्या कोणीतरी सर्व मांडणी एकदम मूळपदावर नेली होती. त्यात हार्ड डिस्कची पद्धतही बदलली आणि पोर्टच्या किरकोळ कामासाठी गेलेलो असताना विंडोजच सुरू होईना. पूर्वीचे फोटो कोणाकडेही नव्हते. सकाळच्या गाड्यांना दुपार झाली.

नेमकी जागा शोधणे

प्रत्येक कंपनीने पाने निराळी मांडली असली, तरी शोधण्याच्या वाटा मोजक्या आहेत. एएमआय या कंपनीच्या पद्धतीच्या बायोसमध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ या पानावर ‘सुपर आयओ कॉन्फिगरेशन’ असते. काही बोर्डांवर त्याच्या नावाआधी चिपच्या कंपनीचे नाव किंवा क्रमांक लागतो. सुपर आयओ ही मदरबोर्डवरील एक लहान चिप आहे. सिरियल पोर्ट, पॅरलल पोर्ट आणि जुन्या पद्धतीचा कीबोर्ड यांचा कारभार तिच्याकडे असतो. त्या पानात ‘सिरियल पोर्ट १ कॉन्फिगरेशन’ असे उपपान मिळते. जुन्या अवॉर्ड पद्धतीच्या बायोसमध्ये ‘इंटिग्रेटेड पेरिफेरल्स’ या पानावर, काही वेळा त्यातील ‘सुपर आयओ डिव्हाइस’मध्ये, ‘ऑनबोर्ड सिरियल पोर्ट १’ अशी ओळ असते. डेलच्या कार्यालयीन संगणकांत बहुधा ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’खाली ‘सिरियल पोर्ट’ सापडतो.

एचपीच्या कार्यालयीन संगणकांत एक वेगळी अडचण येते. तेथे ‘सिक्युरिटी’ विभागातील उपकरणांच्या यादीत सिरियल पोर्टसमोर ‘डिव्हाइस हिडन’ असे निवडलेले असू शकते. असा पोर्ट विंडोजला दिसतच नाही आणि माणूस ड्रायव्हर शोधत दिवस घालवतो. तेथे ‘डिव्हाइस अव्हेलेबल’ निवडावे लागते.

निवडी कशा कराव्यात

पहिली निवड पोर्ट चालू करण्याची. ‘सिरियल पोर्ट’ या ओळीसमोर ‘एनेबल्ड’ असावे. एएमआयच्या पानावर त्याखाली ‘डिव्हाइस सेटिंग्ज’ अशी फक्त वाचण्याची ओळ असते. तीत सध्याचा पत्ता आणि आयआरक्यू दिसतो. ती ओळ करडी दिसते म्हणून कोणी घाबरू नये, ती बदलण्यासाठी नसतेच. बदल तिच्याखालच्या ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये होतो.

येथे ‘ऑटो’ आणि ठरावीक जोड्या असे पर्याय येतात. ऑटो निवडल्यास बायोस आणि विंडोज मिळून मोकळा पत्ता देतात. एकच पोर्ट असलेल्या संगणकात ऑटो बहुधा निर्वेध चालते. तरीही काट्याच्या संगणकासाठी मी ठरावीक जोडीच निवडतो आणि पहिल्या पोर्टसाठी ‘पत्ता ३एफ८, आयआरक्यू ४’ ही जोडी पक्की करतो. याचे कारण अनुभवाचे आहे. आपल्याकडे अजूनही डॉससाठी लिहिलेली वजनाची जुनी सॉफ्टवेअरे तग धरून आहेत. त्यांतील काही विंडोजला न विचारता थेट ३एफ८ या पत्त्यावर जाऊन वाचतात. ऑटोमुळे पोर्ट दुसऱ्या पत्त्यावर गेला, तर त्यांना तो सापडत नाही आणि चूकही स्पष्ट शब्दांत सांगितली जात नाही. शिवाय पत्ता पक्का असला की पुढच्या वर्षी येणाऱ्या तंत्रज्ञाला अंदाज बांधावे लागत नाहीत.

दुसरा पोर्ट असेल तर त्याला २एफ८ आणि आयआरक्यू ३ द्यावे. पहिल्याला दिलेली जोडी दुसऱ्यालाही दिली गेली नाही ना, हे दोन्ही पाने पुन्हा उघडून पाहावे. बायोस दर वेळी अडवतेच असे नाही. दुसरा पोर्ट वापरायचा नसेल, तर तो ‘डिसेबल्ड’ करावा. त्याची आयआरक्यू मोकळी होते आणि घाईत कोणी केबल भलत्या पोर्टला लावली, तर तेही लगेच लक्षात येते.

जुन्या बोर्डांवर दुसऱ्या पोर्टसाठी ‘यूएआरटी मोड सिलेक्ट’ अशी ओळ दिसते आणि तीत नॉर्मल, आयआरडीए, एएसकेआयआर असे पर्याय असतात. शेवटचे दोन इन्फ्रारेडसाठी आहेत. ते निवडले गेले, तर केबलवरून काहीच जात नाही. तेथे ‘नॉर्मल’च हवे.

औद्योगिक वापराच्या आणि बिलिंग यंत्रांच्या बोर्डांवर आणखी दोन निवडी असू शकतात आणि त्या जपून हाताळाव्या लागतात. एक आहे पोर्टच्या पद्धतीची : आरएस-२३२, आरएस-४२२ किंवा आरएस-४८५. इंडिकेटरच्या पुस्तिकेत जी पद्धत असेल, तीच येथे हवी. आरएस-२३२ ची केबल साधारण १५ मीटरपर्यंतच भरवशाची मानली जाते, तर आरएस-४८५ ची केबल कमी वेगात सुमारे १,२०० मीटरपर्यंत नेता येते. काट्याची केबिन फाटकाजवळ आणि कार्यालय आवाराच्या दुसऱ्या टोकाला असे असेल, तर आरएस-४८५ चा विचार करणे योग्य ठरते. दुसरी निवड नवव्या पिनेची. मूळ मांडणीत ही पिन ‘रिंग’ संकेतासाठी आहे, पण अशा काही बोर्डांवर जंपरने (दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने) किंवा बायोसमधून तिच्यावर ५ अथवा १२ व्होल्टची वीज देता येते. ती बारकोड वाचकासारख्या उपकरणांसाठी असते. इंडिकेटर जोडताना ही वीज बंदच असली पाहिजे, नाहीतर त्याचा पोर्ट जळण्याची शक्यता असते.

सर्व्हर आणि औद्योगिक बोर्डांवर ‘सिरियल पोर्ट कन्सोल रीडायरेक्शन’ नावाचे पान असते. वर सांगितलेली वेग, पॅरिटी, स्टॉप बिट ही नावे बायोसमध्ये दिसतात ती येथेच, आणि गैरसमजुतीला खतपाणी मिळते तेही येथूनच. हे पान इंडिकेटरसाठी नाही. मॉनिटर नसलेल्या संगणकाचा बायोसचा पडदा केबलवरून दुसऱ्या संगणकावर पाहता यावा, यासाठी ते आहे. ते चालू राहिले, तर संगणक सुरू होताना पोर्टमधून मजकूर बाहेर पडत राहतो आणि जोडलेला आकडेफलक किंवा छपाईयंत्र वेड्यासारखे वागू लागते. काट्याच्या संगणकात ते ‘डिसेबल्ड’ करावे.

सर्व निवडी झाल्यावर पुन्हा एक फोटो काढावा, एफ१० दाबावे आणि ‘सेव्ह’ला होकार द्यावा. निव्वळ एस्केप दाबत बाहेर पडल्यास बदल राहत नाहीत.

विंडोजमध्ये पडताळणी

विंडोज सुरू झाल्यावर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि ‘पोर्ट्स’ या शीर्षकाखाली ‘कम्युनिकेशन्स पोर्ट, कॉम १’ दिसतो का, ते पाहावे. त्याचे ‘प्रॉपर्टीज’ उघडून ‘रिसोर्सेस’ या पानावर जावे. तेथे ०३एफ८ ते ०३एफएफ ही हद्द आणि आयआरक्यू ४ दिसला, तर बायोसचे काम पूर्ण झाले. त्याच पानावर खाली ‘नो कॉन्फ्लिक्ट्स’ असे लिहिलेले हवे. शीर्षकच दिसत नसेल, तर पोर्ट बायोसमध्ये बंद आहे किंवा लपवलेला आहे. ड्रायव्हर उतरवत बसू नये, बायोसमध्ये परत जावे.

बायोसमधील ‘सिरियल पोर्ट १’ आणि विंडोजमधील ‘कॉम १’ हे नाव नेहमी जुळेलच असे नाही. पूर्वी लावलेल्या एखाद्या परिवर्तकामुळे विंडोजने ‘कॉम १’ हे नाव अडवून ठेवलेले असते आणि आपल्या पोर्टला ‘कॉम ५’ मिळते. ‘पोर्ट सेटिंग्ज’ या पानावरील ‘ॲडव्हान्स्ड’मधून नाव बदलता येते. ओळख पटवताना नावापेक्षा ‘रिसोर्सेस’मधील पत्त्यावर विश्वास ठेवावा. लिनक्समध्ये याच पहिल्या पोर्टची मोजणी शून्यापासून होते, एवढे तेथे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

आता पोर्ट स्वतः बोलतो का, याची परीक्षा घ्यावी. नऊ पिनांत क्रमांक २ ही आत घेणारी, ३ ही बाहेर पाठवणारी आणि ५ ही सामायिक ग्राउंडची. इंडिकेटर न जोडता पिन २ आणि ३ एका लहान तारेने जोडाव्यात, पुटी किंवा टेरा टर्म यांसारखा टर्मिनल प्रोग्राम उघडून आपला कॉम क्रमांक आणि ९६०० वेग निवडावा, ‘फ्लो कंट्रोल’ बंद ठेवावे, ‘लोकल इको’ही (टाइप केलेले अक्षर प्रोग्रामने स्वतःच दाखवणे) बंद आहे याची खात्री करावी आणि कीबोर्डवर काहीही टाइप करावे. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर उमटली, म्हणजे ती पिन ३ मधून बाहेर जाऊन पिन २ मधून परत आली. तार काढल्यावर उमटणे थांबले पाहिजे. न थांबल्यास ‘इको’ चालू राहिला आहे आणि परीक्षा फसवी ठरते. तार असूनही काहीच उमटले नाही, तर आतील केबलची जोडणी चुकीची आहे किंवा पोर्टची चिप गेली आहे. पावसाळ्यात वीज कडाडल्यानंतर चिप जाणे आपल्याकडे नवीन नाही, कारण काट्यापासून येणारी लांब केबल उघड्यावरून आलेली असते.

इंडिकेटर जोडताना

पोर्ट परीक्षेत उतरला, पण वजन येत नाही, असे झाले तर दोष बायोसमध्ये नाही हे निश्चित समजावे आणि तेथील निवडींना पुन्हा हात लावू नये. उरतात केबल आणि वेग.

केबलसाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. आरएस-२३२ मध्ये पाठवणारी तार शांत असताना ग्राउंडच्या तुलनेत ऋण व्होल्टेज दाखवते, साधारण उणे ५ ते उणे १२ च्या दरम्यान. इंडिकेटर चालू करून त्याच्याकडून येणाऱ्या केबलच्या टोकाला पिन ५ आणि उरलेल्या दोन तारा मोजाव्यात. ज्या तारेवर ऋण व्होल्टेज दिसेल, ती इंडिकेटरची पाठवणारी तार. ती संगणकाच्या पिन २ ला गेली पाहिजे. ती ३ वर येत असेल, तर पाठवणाऱ्याला पाठवणारा जोडला गेला आहे. एका टोकाला २ आणि ३ यांची अदलाबदल केली की प्रश्न सुटतो. सतत वजन पाठवणाऱ्या इंडिकेटरवर आकडा थोडा हलत राहतो, ते चांगले लक्षण आहे.

वेग चुकला, तर अक्षरे येतात पण वेडीवाकडी येतात. पोर्टच्या जुन्या रचनेत १.८४३२ मेगाहर्ट्झचे घड्याळ १६ ने भागून १,१५,२०० हा कमाल वेग मिळतो आणि त्याला १२ ने भागले की ९६००. म्हणूनच वेगांचे आकडे ठरावीक असतात. पडद्यावर कचरा दिसत असेल, तर २४००, ४८००, ९६०० असे एकेक करून पाहावेत. आकडे ओळखू येतात पण मधली काही अक्षरे बिघडलेली असतात, असे असेल तर ७ डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी लावून पाहावी.

एक विलक्षण दोष मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण तो काट्यावरच भेटतो. संगणक सुरू होतो, विंडोज उघडते आणि माउसचा बाण आपोआप पडद्यावर धावू लागतो, खिडक्या उघडतात, चिन्हे सरकतात. व्हायरस आला असे समजून लोक संगणक फॉरमॅट करतात आणि दोष तसाच राहतो. खरे कारण असे आहे की, पूर्वी माउस सिरियल पोर्टला लावला जात असे, आणि विंडोज सुरू होताना अजूनही त्या पोर्टवर माउस आहे का ते तपासते. इंडिकेटर सतत वजन पाठवत असल्याने त्यालाच माउस समजले जाते आणि वजनाचा प्रत्येक आकडा बाणाची हालचाल बनतो. इंडिकेटरची केबल काढल्यावर बाण शांत झाला, की निदान पक्के. केबल पुन्हा लावून ‘डिव्हाइस मॅनेजर’मधील माउसच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट सिरियल बॉलपॉइंट’ नावाचे उपकरण शोधावे आणि ते ‘डिसेबल’ करावे. ‘अनइन्स्टॉल’ करू नये, कारण पुढच्या वेळी विंडोज ते पुन्हा शोधून काढते. इंडिकेटरमध्ये मागितल्यावरच वजन पाठवण्याची सोय असेल आणि सॉफ्टवेअर त्या पद्धतीने चालत असेल, तर ती निवडणे अधिक चांगले.

टर्मिनल प्रोग्राममध्ये वजन दिसते पण पावतीच्या सॉफ्टवेअरमध्ये पोर्ट उघडत नाही, असे झाल्यास टर्मिनल प्रोग्राम बंद करायचा राहून गेला आहे का ते पाहावे. एका वेळी एकच प्रोग्राम पोर्ट वापरू शकतो.

नोंद आणि शेवटची चाचणी

काम झाल्यावर एका कागदावर पोर्टचा पत्ता, आयआरक्यू, विंडोजमधील कॉम क्रमांक, वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट, केबलमध्ये २ आणि ३ सरळ आहेत की अदलाबदल केलेल्या, बॅटरी बदलल्याची तारीख, एवढे लिहून तो कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा. भिंतीवर लावलेला कागद रंगरंगोटीत जातो, मालकाच्या मोबाइलमधला फोटो मोबाइल बदलला की जातो. झाकणाच्या आतला कागद मला सात-आठ वर्षांनंतरही जागच्या जागी सापडला आहे. बायोसला पासवर्ड लावला असेल, तर तो त्या कागदावर न लिहिता मालकाकडे बंद पाकिटात द्यावा.

त्यानंतर संगणक पूर्ण बंद करून भिंतीवरचे बटणही बंद करावे, दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा सुरू करावे. बायोसमधील तारीख आणि पोर्टची निवड टिकून आहे का, ते पाहावे. मग काट्यावर काहीही नसताना, एका रिकाम्या ट्रॉलीसह आणि एका भरलेल्या गाडीसह अशा तीन पावत्या छापाव्यात आणि तिन्ही वेळा इंडिकेटरवरचा आकडा केबिनमधल्या माणसाने मोठ्याने वाचून दाखवावा. तिन्ही पावत्यांवर तोच आकडा आला, की पहिली गाडी आत घ्यावी.